तपासले चौदा, दूषित चौदा

“थांबा, एवढं शेवटचंच राह्यलं,” असं म्हणत त्या बाईंनी चौदाव्या ट्रेवर टोपण उपडं केलं.

मी दारात उभी होते. हातात कॅन्टीनमधून बांधून घेतलेले पोहे, वर गाठ मारलेली तर्रीची पिशवी.

“काय टाकलं तुम्ही त्यात?”

“औषध.”

“कसलं औषध?”

“अळ्या मारायचं. दुसरं कशाचं असन?”

बाई सावकाश सरळ झाल्या. पन्नाशीच्या अलीकडच्या, उभ्या अंगाच्या. साडीवर पालिकेचं बिनबाह्यांचं जॅकेट, खांद्याला झोळी, हातात टॉर्च आणि कानामागे खडू. गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलं होतं, कौसल्या इंगोले, डास अळी तपासणी.

“एवढे शिकलेले लोक तुमी,” त्या म्हणाल्या, “अन् एका खोलीत चौदा टोपल्या अळ्या? माह्या अख्ख्या वार्डात मिळून चौदा निघत नाही. झाकण नाही, काही नाही. काहून असं करता बरं?”

“ताई, त्या पाळलेल्या आहेत!”

बाईंनी टॉर्च विझवला. “काय केलेल्या?”

“पाळलेल्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ताप आहे का बघावं, अशा नजरेनं.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. वऱ्हाडातल्या आमच्या जिल्ह्याच्या गावच्या मेडिकल कॉलेजात, मायक्रोबायॉलॉजी विभागाच्या मागे एक जुनी खोली होती. तिथे मी डास पाळायची. नोकरीच ती होती. एम.एस्सी. झाल्या झाल्या डॉ. घाटोळ सरांच्या संशोधनात मला जागा मिळाली. इथल्या डेंग्यूच्या डासांना आपली औषधं अजून लागू पडतात का, हे शोधायचं होतं. त्यासाठी गावातल्या कूलरच्या टाक्यांमधून अळ्या गोळा करून मी त्यांचे डास केले, डासांची अंडी घेतली, अंड्यांच्या अळ्या केल्या. अशा अकरा पिढ्या झाल्या होत्या. बारावी ट्रेमध्ये वळवळत होती.

दहा ट्रे गावच्या अळ्यांचे. उरलेले चार पाहुण्यांचे. ते एका लांबच्या प्रयोगशाळेतून आणलेले, कित्येक वर्षं खोलीतच वाढलेले, औषधाचा थेंबही कधी न पाहिलेले. तुलना करायला असे लाडावलेले डास लागतात. सर त्यांना राजपुत्र म्हणत.

गुरुवारी परदेशातल्या विद्यापीठाची दोन माणसं येणार होती. त्यांच्यासमोर चाचण्या सुरू झाल्या की संशोधन आणखी दोन वर्षं चालणार आणि माझी नोकरीही. अळ्या नसतील तर चाचण्या नाहीत, चाचण्या नाहीत तर मी परत घरी, आणि घरी आई स्थळांची यादी घेऊन बसलेली. आधीच तिची तक्रार होती, “हर्षदा, मुलाकडचे पाहायला येतात अन् तुझ्या हातावर हे गांधे.” चाव्यांचे ते चट्टे असायचेच. माद्यांना अंडी घालायला रक्त लागतं. मंगळवार-शुक्रवार मी दहा मिनिटं डावा हात पिंजऱ्यात घालून बसायची.

खरं तर थोडी अंडी कागदाच्या पट्ट्यांवर वाळवून राखीव ठेवायची असतात. पण गुरुवारी अळ्या भरपूर दिसाव्यात म्हणून मी हौसेनं सगळ्या पट्ट्या पाण्यात सोडल्या होत्या. आणि त्या मंगळवारी सकाळी, खोलीतला पंखा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन येणार म्हणून दार उघडं टाकून मी कॅन्टीनमधून पोहे आणायला गेले होते.

“दारावर पाटी दिसली नाही का तुम्हाला?” मी विचारलं.

“दिसली ना.”

“मग?”

“इंग्रजीत हाय ते. मले वाटलं डॉक्टरसायबाचं नाव असन.”

मी मागे वळून पाटी पाहिली. इन्सेक्टरी, ऑथराइज्ड पर्सन्स ओन्ली, म्हणजे कीटकघर, परवानगीशिवाय आत येऊ नये, असं भलं मोठं इंग्रजीत लिहिलेलं. गावाला मराठीतून डेंग्यूची पत्रकं वाटणाऱ्या विभागाची ही पाटी होती. आतापर्यंत कोणालाच त्यात काही खटकलं नव्हतं. मलाही नाही.

कौसल्याताईंचं लक्ष टेबलावरच्या बरणीकडे गेलं. “अन् हे काय हाय?”

“त्यांचं खाणं.”

“कोणाचं?”

“अळ्यांचं. कुत्र्याची बिस्किटं, कुटून.”

“खाऊ भी घालता!” त्यांनी बरणी उचलून हुंगली. मग त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर आली. पोह्यांची पुडी मी हळूच त्या हातावर ओढली, पण उशीर झाला होता. “अन् हे? चावून घेता?”

“आठवड्यातून दोनदाच,” मी म्हटलं, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

“पोरी,” त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, “घरी कोणी हाय ना तुले?”

मी स्टुलावर बसले आणि रडायला लागले. बाई घाबरल्या. त्यांनी झोळीतून पाण्याची बाटली काढली, मग काय वाटलं कोणास ठाऊक, ती परत ठेवून माझीच टेबलावरची बाटली मला दिली. औषधाची आणि पाण्याची बाटली एकाच झोळीत होती.

मी हुंदके देत सगळं सांगितलं. अकरा पिढ्या, गुरुवार, परदेशी माणसं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग झोळीतून छापील फॉर्म काढला.

“समजलं. पण नोंद तं कराच लागन. घरमालकाचं नाव?”

“ताई!”

“नियम हाय ना. नाव?”

“डॉक्टर घाटोळ.”

“घरात मानसं किती?”

“मी एकटी.”

“तपासलेली भांडी, चौदा. दूषित भांडी,” त्या थांबल्या. “चौदा. शंभर टक्के. नऊ वर्षांच्या नोकरीत शंभर टक्के नाही पाह्यले मी. सही करा.”

मी सही केली. त्यांनी कानामागचा खडू काढला आणि बाहेर जाऊन, पाटीच्या बरोबर खाली, दारावर लिहिलं: तारीख, तपासले १४, दूषित १४, औषध टाकले, कौ. इं. ही त्यांची पद्धत. वॉर्डातल्या प्रत्येक दाराशेजारी त्यांच्या खडूची अशी ओळ असायची. लोक सणावाराला घर रंगवत, तरी दुसऱ्या आठवड्यात ओळ परत हजर.

“उद्या ह्याच टायमाले येतो,” त्या म्हणाल्या. “एवढ्या अळ्या निघाल्या की चोवीस तासांनी मोजून पाहाचं असते. अन् एक सांगतो, हे पाणी आता सांडू नका. औषधाचं पाणी सांडलं की मले समजते. जिजामाता नगरात एक वनिता म्हणून हाय. तिच्या ड्रमात मी औषध टाकलं, चार दिवसांनी पाहतो तं अळ्याच अळ्या. म्हणजे पाणी सांडलं अन् नवीन भरलं. तिचं लेकरू नऊ दिवस तुमच्याच दवाखान्यात होतं डेंग्यूनं. वरून मले म्हणते, मी सांडलंच नाही! मी तिच्या भिंतीवर खडूनं नाही लिहिलं. लाल पेंटनं लिहिलं. येता-जाता दिसलं पाह्यजे.”

त्या गेल्या. मी ट्रेकडे पाहिलंही नाही. दार लावलं, कुलूप घातलं आणि बाहेरच्या पायरीवर बसून गार झालेले पोहे खाल्ले. अकरा पिढ्यांचं तेरावं घालावं, तसे.

घाटोळ सर नागपूरला बैठकीला गेले होते, बुधवारी सकाळी यायचे होते. फोन करायची माझी छाती झाली नाही. राजीनामा लिहायचं ठरवलं आणि तो सकाळच्या एस.टी.त लिहिला. रस्ता असा होता की ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ हे शब्द दोन ओळींत पसरले.

पावणेअकराला पोचले तर सर खोलीच्या दारासमोर उभे. सर उंच, बारीक, चष्मा नेहमी कपाळावर. लहान अक्षर वाचायचं असलं की तेवढा खाली येई. आत्ता तो खाली होता.

“हर्षदा,” ते दाराकडे पाहतच म्हणाले, “हे ‘तपासले चौदा, दूषित चौदा’ म्हणजे काय?”

मी राजीनामा पुढे केला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा. “हे कुठल्या भाषेत आहे?”

“सर, एस.टी.त लिहिलाय.”

मग मी घडलेलं सगळं सांगितलं. दार, पोहे, पाटी. सर मान हलवत ऐकत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “म्हणजे तर्री पोह्यांनी माझं संशोधन बुडवलं.”

“हो सर.”

“निदान चांगली होती का तर्री?”

“गार झाली होती सर.”

तेवढ्यात मागून आवाज आला. “सरका बरं, मले मोजाचं हाय.” कौसल्याताई. घड्याळात अकराला दहा कमी. दहा मिनिटं आधीच आल्या होत्या.

सर त्यांच्याकडे वळले. काय काय बोलायचं हे त्यांनी मनात जुळवलेलं असणार, कारण त्यांनी बोट आधीच वर केलं होतं. पण कौसल्याताई त्यांच्या कोपराखालून आत शिरल्याही होत्या. टॉर्च लागला. झोळीतून अळ्या मोजायचा पांढरा डाव निघाला.

“हे चार,” आतून आवाज आला, “साफ. एकही जिवंत नाही. तळाले बसल्या सगळ्या.”

“राजपुत्र गेले,” सर पुटपुटले.

डाव पाण्यात बुडाल्याचा आवाज, मग परत ओतल्याचा. पुन्हा बुडाल्याचा.

“बाई,” कौसल्याताई म्हणाल्या, “इकडे या बरं.”

मी आत गेले. त्यांनी डाव माझ्या नाकासमोर धरला. पांढऱ्या डावात गावच्या सात-आठ अळ्या मस्त कमरेतून वळत खालीवर करत होत्या. शाळा सुटल्यासारख्या.

“रात्री पाणी बदललं का तुमी?”

“नाही हो. मी कुलूप लावून गेले.”

“खरं सांगा. मी रागावणार नाही.”

“आईची शपथ ताई. मी हातही लावला नाही.”

सर तोवर आत आले होते. त्यांनी पहिला ट्रे पाहिला. दुसरा पाहिला. चष्मा खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला. दहाच्या दहा ट्रे. काही अळ्या मेल्या होत्या, पण ट्रेमागे दहा-पंधरा. बाकीच्या कुत्र्याची बिस्किटं शोधत हिंडत होत्या.

“ताई,” सरांचा आवाज अगदी हळू झाला, “चौदाही ट्रेत एकाच बाटलीतलं औषध टाकलं?”

“एकाच. ही पाहा.”

“तारीख?”

“पाच महिने राह्यले अजून. उन्हात मी कधी ठेवत नाही.”

“माप?”

“टोपण. आतून रेघ हाय त्याले. पहिले मी टोपलीत पाणी किती ते डावानं मोजलं. दीड लिटर भरलं. त्याले जेवढं पाह्यजे तेवढंच. जास्त नाही, कमी नाही. अंदाजानं मी कोणाच्या माठात थेंब टाकत नाही डॉक्टरसायेब, लोक ते पाणी पेतात.”

“सगळ्यांत सारखं?”

“सारखं म्हणजे सारखं.”

सर आता खोलीत येरझारा घालू लागले. खोली चार पावलांची, त्यामुळे ते जवळजवळ जागच्या जागी फिरत होते. “हर्षदा! राजपुत्र मेले, म्हणजे औषध चांगलं आहे. गावचे जगले, म्हणजे आपल्या डासांना ते लागूच होत नाही! तुलनेला गट, सारखा डोस, चोवीस तासांनी मोजणी! चाचण्यांसाठी परदेशातून मागवलेलं शुद्ध रसायन पाच महिने विमानतळावर पडून होतं, आत्ता कुठे सुटलंय, आणि ह्या बाईंनी एका सकाळी...” त्यांनी कौसल्याताईंचे दोन्ही हात धरले, औषधाच्या बाटलीसकट. “बाई, तुम्ही संशोधन केलंत!”

“मी तं नोंद केली,” कौसल्याताई म्हणाल्या.

“तेच ते!”

माझा राजीनामा त्यांच्या हातात होता. त्याच्या पाठीमागे ते आकडे लिहायला लागले. मी रडत होते, हसत होते, आणि एका ट्रेवर वाकून अळ्यांना काहीबाही बोलत होते. आज माझ्या लेकीला झोपेतून उठवताना जे बोलते, जवळजवळ तेच.

कौसल्याताईंनी मात्र डाव पुसला, झोळीत ठेवला, परत काढला.

“डॉक्टरसायेब, हे असं कधीपासून असन?”

“काय?”

“हे न मरणं.”

“सांगता येणार नाही. तीन वर्षं, चार वर्षं. अशी सवय एका दिवसात होत नसते.”

“म्हणजे मी औषध टाकलं,” त्या एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “अन् चार दिवसांनी अळ्या दिसल्या, तं त्या मानसानं पाणी सांडलंच असन असं नाही.”

“अजिबात नाही! तेच तर सिद्ध झालं!” असं म्हणत सर आकडे घेऊन ऑफिसकडे धावलेसुद्धा.

कौसल्याताई माझ्या स्टुलावर बसल्या. खूप वेळ त्या टॉर्चचं बटण चालू-बंद करत होत्या.

“आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येते,” त्या म्हणाल्या. “ती वनिता मले म्हणे, ताई, ड्रम रिकामा करून घासू का? मीच म्हटलं, नको वं, पेयाले पाणी कुठून आणशीन? मी औषध टाकलं ना, काही होत नाही. मीच म्हटलं तिले.”

मी माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

“अन् लेकरू आजारी पडलं तवा मी तिच्या दारात उभी राहून ओरडली. सगळी गल्ली जमली होती. तिची सासू म्हणे, कामाचा आळस नडला. मी म्हटलं, हो, नडला.” त्या उठल्या. “गाडी हाय का तुमची?”

“स्कूटी आहे. एस.टी. स्टँडवरून यायला इथे गावातच ठेवते.”

“चला मग. अन् त्या अळ्या घ्या थोड्या एखाद्या बरणीत. माह्या एकटीच्या सांगण्यावर तिचा भरोसा बसणार नाही. तुमी शिकलेल्या आहात, तुमी सोबत पाह्यजे.”

अळ्यांच्या खाण्याची बरणी रिकामी केली आणि त्यात दोन डाव भरून अळ्या घेतल्या. भर दुपारी आम्ही निघालो. मी चालवत होते, मागे कौसल्याताई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बरणी, वर पदराचं झाकण. नऊ वर्षं दिसेल ती अळी मारणारी ही बाई प्रत्येक खड्ड्याला माझ्या खांद्यावर चापट मारून ओरडत होती, “हळू वं! सांडतीन ना!” चौकात एक ओळखीची बाई भेटली. “काय आणलं कौसल्या, लोणचं का?” त्यांनी पदर आणखी ओढून घेतला. “लोणचंच समज,” म्हणाल्या, “चार वर्षांचं मुरलेलं.”

जिजामाता नगरात शेवटच्या गल्लीत वनिताचं घर. लांबूनच भिंत दिसली. बाकी सगळ्या घरांवर खडूच्या पुसट ओळी, आणि इथे हातभर उंचीची लाल अक्षरं: दूषित. खाली तारीख, मार्चमधली. आता सप्टेंबर चालू होता. म्हणजे सहा महिने.

वनिता दारात आली. माझ्याच वयाची असेल, चोवीस-पंचवीसची. कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा, त्याच्या हातात अर्धी पोळी. कौसल्याताईंना पाहून तिनं दार अर्धं लोटून घेतलं.

“ड्रम घासला ताई. माठ घासला. कूलरमधी पाणीच नाही. पाहून घ्या.”

“मी तपासाले नाही आली.”

“मग?”

नऊ वर्षं साऱ्या वॉर्डाला दारात उभं राहून बोलणाऱ्या कौसल्याताईंनी नुसती बरणी पुढे केली.

वनितानं आत पाहिलं. “अळ्या आणल्या? माह्या घरी?” ती दोन पावलं मागे सरली. “आता हे भी माह्याच नावावर टाकता का?”

“नाही वं, माय. ऐक. ह्याच्यात मी काल औषध टाकलं. माह्या हातानं, मापानं. हे बाई गवाह आहेत. कुलूप होतं खोलीले. आज पाह्यलं तं ह्या अशा.” त्या थांबल्या. “औषधानं मरतच नाही ह्या. तुह्या ड्रमातल्या भी अशाच होत्या. तू पाणी सांडलं नव्हतं.”

पोरानं पोळीचा तुकडा बरणीकडे धरला, अळ्यांना द्यायला.

“तू खरं बोलत होती,” कौसल्याताई म्हणाल्या. “खोटी मी होती.”

वनितानं पोराला खाली ठेवलं. पदर खोचला. मला वाटलं, आता ही दार लावणार. ती आत वळून मोठ्यानं ओरडली, “आत्याबाई! बाहेर या जरा!”

सासूबाई डोळे चोळत आल्या. वनिता कौसल्याताईंना म्हणाली, “सांगा परत.”

कौसल्याताईंनी परत सांगितलं. बरणी दाखवली. सासूबाईंनी बरणीत डोकावून “अगं माय,” म्हटलं आणि सुनेकडे न पाहता पोराचं नाक पुसायला घेतलं. पोराचं नाक कोरडं होतं.

“थांबा,” वनिता म्हणाली, आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली. “काकू! या बरं बाहेर. कौसल्याताई काहीतरी सांगून राहिल्या.”

काकूंना सांगून झालं. मग समोरच्या घरी. मग कोपऱ्यावरच्या. मार्चमध्ये ज्या ज्या दारातून लोक बाहेर आले होते, त्या प्रत्येक दाराची कडी वनितानं वाजवली. अकरा घरं झाली. ती दर वेळी एवढंच म्हणायची, “सांगा परत.” आणि कौसल्याताई बरणी धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता सांगायच्या. सातव्या घरी त्यांचा घसा बसला. तिथल्या आजोबांना कमी ऐकू यायचं, त्यांना दोनदा सांगावं लागलं. ते म्हणाले, “बरं मग, ह्या विकत देता का?” पण वनिताही हसली नाही आणि कौसल्याताईही.

अकरावं घर आटोपून आम्ही परत तिच्या दाराशी आलो. कौसल्याताईंनी झोळीतून घासणी काढली, भिंतीवर पाणी मारलं आणि लाल अक्षरं घासायला लागल्या. ऑइलपेंट होता. निघेना. त्या खाली बसून दगडानं खरवडायला लागल्या.

“राहू द्या,” वनिता म्हणाली.

“नाही वं, काढतो ना मी.”

“पुसू नका ताई. पुसलं तं लोक म्हणतीन, रंगवून टाकलं. त्याच्या खाली लिहा.”

कौसल्याताईंनी कानामागचा खडू काढला. वनितानं मान हलवली. “खडू नाही. पेंट.”

पेंटचा डबा कौसल्याताईंच्या घरी होता. मी स्कूटीवर जाऊन आणला. तोवर अर्धी गल्ली ओट्यांवर बसलेली. कौसल्याताईंनी ब्रश बुडवला आणि आपल्या त्या मोठ्या, गोल, सरकारी अक्षरात लिहिलं: औषधाचे पाणी सांडले नव्हते. खाली तारीख. खाली कौ. इं.

वनितानं ते शांतपणे एकदा, दोनदा वाचलं. मग म्हणाली, “चहा टाकतो. बाई, तुमी भी बसा. पण ती बरणी बाहेर ठेवा.”

गुरुवारी पाहुणे त्या आकड्यांवर खूश झाले आणि माझी नोकरी वाचली. पुढे सरांनी नवे राजपुत्र मागवून ती चाचणी रीतसर तीनदा केली. तिन्ही वेळा तेच निघालं. परदेशी नियतकालिकात लेख आला. त्याच्या शेवटी आभारात तिसरं नाव ‘श्रीमती कौसल्या इंगोले, तांत्रिक साहाय्य’ असं आहे. त्या लेखाची प्रत त्या झोळीत घेऊन फिरत. लेख इंग्रजीत होता. आपलं नाव कुठे आहे तेवढं त्यांनी खडूनं गोल करून ठेवलं होतं. खोलीच्या दारावर मराठी पाटी लागली. पालिकेनं औषध बदललं, आणि कौसल्याताई दारोदार बाटलीऐवजी गप्पी मासे वाटायला लागल्या. “ह्यायची सवय नाही लागत डासाले,” म्हणायच्या.

परवा शनिवारी मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, सईला, घेऊन वनिताकडे गेले होते. घराला मागच्याच दिवाळीत पोपटी रंग दिलाय. पण रंगाऱ्यानं ब्रश त्या लाल ओळींच्या भोवतीनं फिरवलाय. मधला तुकडा तसाच जुना, चौकटीत बसवल्यासारखा. सईला नुकतं वाचता यायला लागलंय. दुकानांच्या पाट्या, मैलाचे दगड, दिसेल ते वाचत सुटते. तिनं बोट टेकवून वाचलं, “औ-ष-धा-चे पा-णी सां-ड-ले नव्ह-ते.”

“कोणी सांडलं नव्हतं?”

“वनिता मावशीनं.”

“मग भिंतीवर का लिहिलं?”

“सगळे म्हणत होते, तिनंच सांडलं म्हणून. आणि ती नाही म्हणत होती.”

सईनं त्या अक्षरांवरून पुन्हा बोट फिरवलं. त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं पालथं झालं होतं. ती म्हणत होती मांजरीनं केलं. मी म्हटलं होतं, मांजर आलीच नाही, खोटं बोलू नकोस, आणि कपाळावर आठ्या घालून ओट्याखालचं दूध पुसलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “तुझ्या पर्समधे खडू आहे?”